फोटोतला जवान आणि माझी नाडीची वही

संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही एक मोठा फोटो छापलाय, अर्ध्या पानाचा. एक जवान, दाढी वाढलेली, हेल्मेट मागे सरकवलंय, भिंतीला टेकून बसलाय आणि ओठात सिगारेट. खाली ओळ आहे 'क्षणभर विश्रांती'. फोटो भारी आहे यात वादच नाही, प्रकाश मस्त पडलाय तोंडावर. पण ती ओळ वाचून मी पेपर खाली ठेवला आणि बायकोला म्हणालो, यांना पत्र लिहावं लागणार. ती म्हणाली लिहा, पण भांडू नका. म्हणून भांडत नाहीये, सांगतोय फक्त.

त्या जवानावर माझा काडीचाही राग नाही. मी स्वतः तसाच बसलेलो आहे, तश्शीच भिंत, तसंच हेल्मेट. माझी सर्व्हिस २४ वर्षं झाली, त्यातली शेवटची बरीच वर्षं मी पीटीचा उस्ताद होतो, म्हणजे नवीन पोरांना पळवणं, दोर चढवणं, पिट्टू म्हणजे सामानाची जड पिशवी पाठीवर टाकून डोंगर चढवणं हेच काम. आणि त्यातली पहिली काही वर्षं, सांगायला लाज वाटते, मी दिवसाला एक पाकीट ओढत होतो. पोरांना सांगायचो छाती पुढे काढा, दम वाढवा, आणि फॉल-आऊट झालं, म्हणजे परेड सुटली, की बॅरकच्या मागे जाऊन माझ्याच छातीत धूर भरायचो. पोरं बघायची की! पोरांना सगळं दिसतं.

तर मुद्दा काय, लोक म्हणतात सिगारेट ओढणारे जवान पण फिटनेसची टेस्ट पास होतातच ना, मग कशाला आरडाओरडा. माझी सगळी तक्रार याच एका वाक्यावर आहे. होतात पास. मी पण व्हायचो, आणि नुसता पास नाही, वरच्या ग्रेडमध्ये. विशी-बाविशीतलं शरीर म्हणजे श्रीमंत बापाचं खातं असतं हो, कितीही काढलं तरी बॅलन्स दिसतोच. टेस्टमध्ये आपण फक्त एवढंच बघतो की ठरलेल्या वेळात पोरगा रेघ ओलांडतो की नाही. कशाच्या जोरावर ओलांडली आणि ओलांडल्यावर त्याच्यात उरलंय काय, हे स्टॉपवॉच सांगत नाही.

मला ते कळलं एका वहीमुळे. झालं काय, मी उस्ताद झालो तेव्हा मला वाटलं नुसता टाइम लिहून उपयोग नाही, पळून झाल्यावर नाडी किती वेळात खाली येते ते पण लिहू. तशी ही काही माझी शोध लावलेली गोष्ट नाही, पीटीवाल्या सगळ्यांना माहितीये की फिट माणसाची नाडी पटकन उतरते. २.४ किलोमीटरचं रनिंग, रेघ ओलांडली की मानेवर दोन बोटं, पंधरा सेकंद मोजायचे, चारने गुणायचं. मग एक मिनिटाने परत, तीन मिनिटांनी परत. एका साध्या शंभर पानी वहीत पेन्सिलने रकाने आखले होते मी, पावसात शाई पसरते म्हणून पेन्सिल.

त्या बॅचमध्ये दोन पोरं होती, नावं नाही सांगत, दोघं एकाच गटात, उंची तेवढीच, वजन जवळपास तेवढंच, आणि टाइमसुद्धा पाच-सहा सेकंदांच्या फरकाने सारखाच. एक ओढायचा, एक नाही. रेघेवर दोघांची नाडी सारखीच, १८०च्या वर. पण एका मिनिटाने न ओढणाऱ्याची सरसर खाली आलेली, पोरगं इकडेतिकडे बघतंय, कोण मागे राहिलं त्याला हसतंय. दुसरा गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला, आणि नाडी अजून धडधडतेय. तीन मिनिटांनी पण त्याची पहिल्याच्या एक मिनिटाच्या आकड्यापर्यंत आली नव्हती. मी म्हटलं एखाद्या दिवशी होतं असं. तर तीन आठवडे लिहित गेलो, तसंच. मग एकदा सकाळच्या रनिंगनंतर मी माझीच नाडी घेतली, रात्री वहीत लिहायला बसलो, आणि तो रकाना भरायला माझा हातच होईना. मी त्या दुसऱ्या पोराच्याही मागे होतो.

आता कोणी म्हणेल की दोन पोरांवरून काय ठरतं. बरोबर आहे, माझी वही म्हणजे काही संशोधन नाही, पण संशोधनही आहे. तुम्ही कूपर टेस्ट ऐकली असेल, १२ मिनिटांत किती अंतर पळता ते मोजायचं, ही केनेथ कूपर नावाच्या अमेरिकन एअर फोर्सच्या डॉक्टरने १९६८ ला मांडली आणि मग जगभरच्या सैन्यांनी उचलली. हीच १२ मिनिटांची टेस्ट स्वित्झर्लंडमध्ये सैन्यात भरती व्हायला आलेल्या १९ वर्षांच्या साडेसहा हजार पोरांवर लावून बघितली होती, १९८८ साली ते छापून आलं. त्यात काय दिसलं, तर जो जितक्या जास्त सिगारेटी ओढतो आणि जितकी जास्त वर्षं ओढतोय तितकं त्याचं अंतर कमी. एकोणीस वर्षांची पोरं हो! त्यांना ओढायला लागून अशी कितीशी वर्षं झाली असणार, तीन, चार? म्हणजे म्हातारपणी बघू हे जे आपण म्हणतो ना ते म्हातारपण एकोणिसाव्या वर्षीच चालू झालेलं असतं, फक्त टाइममध्ये बसतंय म्हणून दिसत नाही.

हे का होतं ते मला आमच्या मेडिकल ऑफिसरनी समजावून सांगितलं होतं, कागदावर चित्र काढून, आणि मी पुढे प्रत्येक बॅचला तेच चित्र फळ्यावर काढून दाखवायचो. रक्तात हिमोग्लोबिन असतं, त्याला समजा ट्रक म्हणा, ऑक्सिजन फुफ्फुसातून उचलायचा आणि मांडीच्या, पोटरीच्या स्नायूला नेऊन द्यायचा एवढंच त्याचं काम. सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तोच जो बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलं की माणसं मारतो, आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. ट्रकमध्ये आधीच दुसराच माल भरून बसलाय, ऑक्सिजनला जागा नाही. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याचे शंभरातले पाचेक ट्रक असे अडकलेले असतात, जास्त ओढणाऱ्याचे त्याहून जास्त. आणि अजून एक गंमत, म्हणजे गंमत कसली, जे ट्रक मोकळे आहेत ना ते पण बिघडतात, ऑक्सिजन नेतात पण स्नायूपाशी पोचल्यावर तो पटकन सोडत नाहीत. जोर लावून पळताना शरीर जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा जवळजवळ त्याच प्रमाणात खाली येतो. शंभरात पाच म्हणजे काही नाही असं वाटतं ना? स्टॉपवॉचवाल्याला विचारा पाच टक्के म्हणजे काय ते. पोरं पाच सेकंदांसाठी रडतात माझ्याकडे.

रक्तातला हा गॅस निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात. म्हणजे रात्री दहा-अकराला दोन सिगारेटी ठोकून झोपलेला पोरगा पहाटे पाचला फॉल-इनला, म्हणजे परेडच्या हजेरीला, येतो तेव्हा त्यातला थोडा घेऊनच येतो, आणि येता येता अजून एक ओढून येतो कारण रात्रभरात निकोटिन उतरलेलं असतं आणि डोकं जड झालेलं असतं. मग रनिंगच्या आधीच निकोटिनमुळे हृदयाचे ठोके वाढलेले, श्वासनळ्या जरा आवळलेल्या, आणि उस्ताद ओरडतोय, चल पळ. मी ओरडलोय. मी स्वतः तशाच अवस्थेत ओरडलोय.

पण मैदानावरचं रनिंग म्हणजे सोपं काम आहे हे मी कोणालाही सांगेन. चड्डी-बनियनवर, सपाट ट्रॅकवर, पोटभर झोप झालेली. खरं मोजमाप होतं ते पाठीवर वीस-पंचवीस किलो असताना, हातात हत्यार, चढ आणि तिसरा तास. तिथे कसली ग्रेड आणि कसलं काय. पिट्टू पाठीवर आला की छातीला पट्टे आवळले जातात, श्वास तसाच अर्धा होतो, त्यात फुफ्फुसाचा जो थोडासा कोपरा गेलेला असतो तो तिथे आठवतो. मला आठवतंय एका चढावर माझ्या पुढचा पोरगा दर पन्नास पावलांवर थांबायला लागला आणि थांबला की खोकायचा, ओला खोकला, रात्रीची वेळ, आणि आम्हाला आवाज करायची परवानगी नाही. सेक्शन कमांडर मागे वळून नुसता बघत होता. त्या बघण्यात काय होतं ते मी लिहू शकत नाही. त्या एका खोकल्याने आम्ही सगळे दहा जण उघडे पडणार होतो, आणि टेस्टच्या कागदावर त्या पोराच्या नावापुढे फर्स्ट क्लास लिहिलेलं होतं, ते लिहिणारा मीच.

रात्रीवरून आठवलं. अंधारात दिसणं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला ऑक्सिजन भरपूर लागतो, आणि रक्तात तो कमी पडला की सगळ्यात आधी अंधारातलं दिसणं मंदावतं. वैमानिकांच्या डॉक्टरांनी हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच तपासलं होतं, आणि आजही वैमानिकांना शिकवतात की सिगारेट ओढणाऱ्याचे डोळे जमिनीवर असतानाच काही हजार फूट उंचीवर गेल्यासारखे वागतात. मग सेंट्रीवर, म्हणजे पहाऱ्यावर, उभा राहणाऱ्याचं काय? त्याचंही तेच. वर तो लाल ठिपका, जो तुम्हाला पेटवताना उबदार वाटतो आणि समोरच्याला नेम धरायला बरा पडतो. एका काडीवर तिसऱ्याने सिगारेट पेटवायची नाही असा एक जुना शिपाई लोकांचा समज आहे, पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतला म्हणतात, पहिल्याच्या वेळी शत्रूला काडी दिसते, दुसऱ्याच्या वेळी नेम धरला जातो, तिसऱ्याला गोळी. खरंखोटं देव जाणे, पण समज निघाला यातच सगळं आलं. आणि वास! न ओढणाऱ्या माणसाला वाऱ्यावरून येणारा धुराचा वास लांबून कळतो, ओढणाऱ्याला कळत नाही, कारण त्याचं नाक गेलेलं असतं.

थंडीचं पण सांगून टाकतो मग इतिहासाकडे येतो. उंचावरच्या एका पोस्टवर होतो, बर्फ, आणि आम्ही म्हणायचो सिगारेटने ऊब येते. ऊब कसली, निकोटिनने हातापायाच्या बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत जातं, बोटं उलट गार पडतात, म्हणूनच हिमदंशाचा धोका ओढणाऱ्याला जास्त. मी हातमोजा काढून काडी ओढायला गेलो, काडी बोटांतून पडली, दुसरी काढली ती पण पडली, तिसरी पेटली एकदाची. दोन झुरके मारले आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी झालेली दिसली मला. दुखत नव्हती, तेच वाईट. जोडीदाराने माझा हात ओढून स्वतःच्या काखेत धरला, वीस मिनिटं शिव्या देत होता. बोटं वाचली. आजही थंडीत ती दोन बोटं आधी सुन्न होतात आणि मला त्याच्या शिव्या आठवतात.

हाडांचं लोक विसरतात, कारण धूर म्हटलं की सगळे छातीकडेच बघतात. ट्रेनिंगमध्ये ज्यांच्या नडग्या धरतात, पायाला बारीक चीर पडते ज्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, गुडघे-कंबर धरते, त्यात ओढणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं हे सैन्याच्या डॉक्टरांना पुन्हापुन्हा दिसलंय. आणि मोडलेलं हाड जुळायला पण त्यांना जास्त वेळ लागतो, जखम भरायला पण, ऑपरेशनच्या आधी काही आठवडे बंद करा असं डॉक्टर उगीच नाही सांगत. पलटणीत एक माणूस सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेला की त्याची ड्युटी बाकीचे वाटून घेतात, हे बाहेरच्यांना कळत नाही.

आता इतिहास, कारण दोष नुसता पोराचा नाही हे सांगितल्याशिवाय मी थांबणार नाही. शिपायाच्या तोंडात सिगारेट शिपायाने स्वतः नाही घातली, सरकारांनी घातली. १९१४ च्या ख्रिसमसला ब्रिटिश राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना पितळी डब्या वाटल्या होत्या, संग्रहालयांत अजून बघायला मिळतात, सुंदर आहेत दिसायला, आत काय होतं तर तंबाखू आणि सिगारेटी. न ओढणाऱ्यांसाठी वेगळी डबी होती, तिच्यात लिहायचं सामान आणि चघळायच्या गोळ्या. माझी खात्री आहे त्या लिहायच्या सामानवाल्यांना बाकीच्यांनी चिडवलं असणार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकाच्या के-रेशनच्या पाकिटात जेवणाबरोबरच सिगारेटी असायच्या, म्हणजे बिस्किट, कॉफी, सिगारेट, सगळं एका खोक्यात, म्हणजे तो पण एक अन्नपदार्थच झाला ना? आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. १९६४ ला अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य डॉक्टरचा, रिपोर्ट आला, सिगारेटने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो असं त्यांच्याच सरकारने छापलं, आणि त्याच सरकारच्या सैनिकी रेशनमधून सिगारेटी निघाल्या १९७५ ला. अकरा वर्षं! एका हाताने पाकिटावर इशारा छापायचा आणि दुसऱ्या हाताने तेच पाकीट रेशनच्या खोक्यात टाकायचं. त्या अकरा वर्षांत किती एकोणीस-वीस वर्षांची पोरं ते खोकं उघडून पहिली सिगारेट ओढायला शिकली असतील. फुकट मिळालेली पहिली, पुढच्या सगळ्या पगारातून.

लोक म्हणतात हो पण टेन्शन किती असतं त्यांना, एवढं तरी असू द्या. तुमच्या त्या फोटोच्या ओळीत पण हाच सूर आहे. मी टेन्शन बघितलंय. मला पण वाटायचं की सिगारेटने हात थरथरायचे थांबतात. थांबायचे पण. मात्र ती थरथर बऱ्याच वेळा आधीच्या सिगारेटची असते हे मला सोडल्यावर कळलं. निकोटिन दोन-एक तासांत निम्मं उतरतं, उतरलं की चिडचिड, बेचैनी, लक्ष लागत नाही, मग परत एक ओढली की बरं वाटतं, आणि आपण म्हणतो बघा टेन्शन गेलं. अरे टेन्शन आणलं कोणी? हे म्हणजे मुद्दाम चावणारे बूट घालायचे आणि काढल्यावर म्हणायचं आहा काय सुख. शिवाय झोप. निकोटिनने झोप तुटते, आणि तुटलेल्या झोपेचा माणूस सेंट्रीवर काय कामाचा. आणि समजा ओढण्याची सोयच नसलेल्या जागी आठ तास अडकला, तर बाकीच्यांना फक्त शत्रूचं टेन्शन आणि याला शत्रूचं अधिक सिगारेटचं. डबल ड्युटी.

पण माझं म्हणणं असं आहे की पोरं टेन्शनने कमी आणि ब्रेकमुळे जास्त शिकतात. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. नवीन पोरगा येतो, दिवसभर रगडा, आणि दहा मिनिटांचा ब्रेक झाला की सीनिअर लोक एका कोपऱ्यात धूर काढायला जमतात. तिथे काय असतं? गप्पा, हसणं, कोणाची बदली कुठे झाली, साहेबांचा मूड कसा आहे, उद्या कोणाला कुठली ड्युटी लागणार, सगळ्या खबरी तिथे. न ओढणारा तिकडे झाडू मारत असतो कारण तो रिकामा दिसतो! खरं सांगतो, माझ्या पहिल्या वर्षी मी सिगारेट हातात धरली ती धुरासाठी नाही, त्या कोपऱ्यात उभं राहायला मिळावं म्हणून. पहिले पंधरा दिवस तर मी नुसतीच धरायचो, आत पण घेत नव्हतो. मग एकाने बघितलं, म्हणाला अरे वाया काय घालवतोस. झालं.

उस्ताद झाल्यावर, आणि स्वतः सोडल्यावर, मी माझ्या गटात एवढंच केलं की ब्रेक सगळ्यांना, सगळे एकत्र बसणार, आणि ज्याला ओढायची आहे तो लांब एकटा जाऊन ओढेल आणि लगेच येईल, गप्पा इकडे. कोणाला शिक्षा नाही, भाषण नाही. पहिल्या आठवड्यात चार जण लांब जाऊन उभे राहायचे आणि आमच्या हसण्याकडे बघत बसायचे. महिन्याभरात दोघं राहिले. याला मी काही मोठा विजय म्हणत नाही, त्या दोघांतला एक तर मी बदलून गेल्यावर परत पाकिटावर आला असं नंतर कळलं. पण कोपरा हलवला की माणसं हलतात हे मी पाहिलंय.

नुसत्या बंदीने काय होतं ते पण सांगतो. काही सैन्यांनी बेसिक ट्रेनिंगमध्ये तंबाखू पूर्ण बंद केला, अमेरिकेत हे बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. तेवढे आठवडे पोरं राहतात की, नाइलाज असतो, रनिंग सुधारतं, सगळं छान. आणि ट्रेनिंग संपून पुढच्या युनिटमध्ये गेली की वर्षभरात बहुतेक परत ओढायला लागतात, कारण तिथे तोच कोपरा वाट बघत असतो. उलट अमेरिकन नेव्हीने २०१० च्या शेवटी पाणबुड्यांमध्ये पाण्याखाली असताना सिगारेट बंद केली, ती पण नीट आधी सांगून, सोडायला मदत करून, कारण बंद डब्यात एकाचा धूर सगळ्यांच्या छातीत जातो हे कोणालाच नाकारता येत नव्हतं. २०१० पर्यंत पाणबुडीत ओढत होते हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. बॅरक म्हणजे तरी काय, जमिनीवरची पाणबुडीच, तीस जणांचे श्वास एका खोलीत.

सोडताना काय होतं हे कोणी पोरांना सांगत नाही म्हणून ती घाबरून परत ओढतात. पहिले दोन-तीन दिवस डोकं फिरतं, ते सगळ्यांना माहितीये. पण बऱ्याच जणांचा नंतर खोकला वाढतो! श्वासनळीत बारीक केसांसारखे तंतू असतात, घाण वर ढकलायचं काम करतात, धुराने ते गारठलेले असतात, सोडल्यावर जागे होतात आणि साफसफाई काढतात, त्याचा खोकला. पोरगा म्हणतो बघा उस्ताद, ओढत होतो तेव्हा बरा होतो. मग वजन. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं, भूक लागते, तोंडाला चव येते, आणि जवानाला वजनाची भीती असते कारण वजनाची पण टेस्ट असते. मी पण वाढलो होतो, मी रोजचं रनिंग एक किलोमीटरने वाढवलं आणि सहा-सात महिन्यांत उतरलो. बक्षीस मात्र लगेच मिळतं हे पण खरंय, रक्तातला तो गॅस दिवसभरात निघून जातो, म्हणजे शनिवारी सोडली तर सोमवारच्या रनिंगला ट्रक मोकळे. काही आठवड्यांत दम सुधारतो. वर्षभराने हृदयरोगाचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो असं डॉक्टर सांगतात. फुफ्फुसातलं जे गेलं ते सगळं परत येत नाही, पण पुढे वेगाने जाणारं थांबतं. माझ्या वहीत माझा स्वतःचा रकाना आहे, सोडल्यापासून तीन महिन्यांचा, एक मिनिटाची नाडी उतरत उतरत गेलेली, पेन्सिल आता पुसट झालीये पण वाचता येते.

काही जण म्हणतील आम्ही ओढत नाही, मळून खातो, त्याने रनिंगला काही होत नाही. धुराचा गॅस नाही हे खरं, पण निकोटिन तेच, बोटं आकसणं तेच, झोप तुटणं तेच, आणि तोंडाच्या कॅन्सरबद्दल मी काय सांगू, तुमच्या पेपरातच येत असतं. नवीन पोरं ती वाफेची कांडी, ई-सिगारेट, ओढतात, वास येत नाही म्हणून उस्तादाला कळत नाही असं त्यांना वाटतं. कळतं.

तर संपादक साहेब, तुमच्याकडे मागणं एकच. जवानाचा फोटो छापा, जरूर छापा, थकलेला छापा, घामाने भिजलेला छापा, बुटाचे बंद सोडून झोपलेला छापा, माझ्याकडे असे चार आहेत, पाठवू का सांगा. पण तो धूर म्हणजे विश्रांती असं खाली लिहू नका. ज्या फोटोग्राफरने तो काढला त्याला अजून तीन मिनिटं थांबायला सांगायचं होतं, सिगारेट संपल्यावर त्या पोराच्या मानेवर दोन बोटं ठेवायची होती आणि जो आकडा आला असता तो छापायचा होता.

आपला,
एक निवृत्त पीटी उस्ताद

ता.क. पत्र लांबलंय हे मला माहितीये. जागेअभावी कापायचं असेल तर राजकन्येची डबी आणि पाणबुडी कापा, वहीचा भाग कापू नका. आणि बायकोने वाचून सांगितलंय की भांडल्यासारखं वाटतंय, त्याबद्दल माफी.